सेकंडहँड हाय-एंड स्पीकर पुण्यात घेताना: काय बघायचं, काय मोजायचं, काय सोडायचं

वीस वर्षं जुना, नीट सांभाळलेला हाय-एंड स्पीकर त्याच पैशात मिळणाऱ्या नव्या स्पीकरपेक्षा बहुतेक वेळा सरस वाजतो. पेटी, चुंबक आणि त्यातली तारेची कॉइल यांना जपून वापरलं तर काळाने फारसं काही होत नाही. बिघडतात त्या ठरावीक गोष्टी: आवाज काढणाऱ्या शंकूच्या, म्हणजे कोनाच्या, कडेची लवचीक पट्टी म्हणजे सराउंड, वरच्या स्वरांच्या ट्वीटरमधला चुंबकीय द्रव म्हणजे फेरोफ्लुइड, आवाज खालच्या स्वरांच्या वूफरमध्ये आणि ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले म्हणजे क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, पेटीची खालची कड, आणि मागे कुणीतरी अर्धवट करून ठेवलेली दुरुस्ती. नावाला भुलून पैसे देऊ नका. पैसे द्यायचे ते ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफर-ट्वीटरच्या, आजच्या अवस्थेचे, आणि तो उद्या गेला तर बदली ड्रायव्हर मिळेल या खात्रीचे.

जाण्याआधी

विकणाऱ्याकडून जाळी काढलेले फोटो मागवा: प्रत्येक ड्रायव्हर जवळून, दोन्ही पेट्यांच्या मागचं सीरियल नंबरचं लेबल, आणि जमिनीला टेकणारी कड. जोडीचे नंबर लागोपाठचे किंवा एकाच नंबराचे असायला हवेत. तसे नसतील तर दोन वेगळ्या जोड्यांमधले एकेक उरलेले स्पीकर एकत्र केलेले असू शकतात. बीबीसीच्या एलएस३/५ए सारख्या स्पीकरमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण ते कारखान्यातच जुळवून जोडीने विकले जात. शिवाय १९८७ च्या सुमाराला त्याचा क्रॉसओव्हर बदलला आणि १५ ओहमचा स्पीकर ११ ओहमचा झाला. दोन्ही प्रकार छान आहेत, पण एक पेटी या प्रकारची आणि दुसरी त्या प्रकारची ही जोडी नव्हे.

फोटोवरून वयही पडताळता येतं. बी अँड डब्ल्यूच्या ८०० मालिकेत पिवळा केव्हलार कोन दिसला तर तो स्पीकर २०१५ च्या आधीचा. त्या वर्षापासून रुपेरी कंटिन्युअम कोन आला. हिऱ्याचा ट्वीटर त्या मालिकेत २००५ पासून आहे. १९९८ च्या नॉटिलस ८०० मालिकेत धातूचा डोम होता. जाहिरातीत 'डायमंड' लिहिलंय आणि फोटोत नॉटिलस दिसतोय, तर भाव त्यानुसार ठरवा.

अमेरिकेहून परतलेल्या कुटुंबाकडून ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेला) स्पीकर किंवा सबवूफर घेत असाल तर मागची पाटी वाचा. ११५ किंवा १२० व्होल्ट एवढंच लिहिलं असेल आणि २३० चा स्विच नसेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि जागा हिशेबात धरा. साध्या पॅसिव्ह स्पीकरला हा प्रश्न नाही.

मग कंपनीला मॉडेल आणि सीरियल नंबर देऊन ईमेल करा: या मॉडेलचा वूफर आणि ट्वीटर मिळतो का, कितीला? उत्तर आल्याशिवाय भावाचं बोलू नका. ट्वीटर मिळतच नसेल तर ती जोडी कितीही देखणी असली तरी एका चुकीच्या संध्याकाळनंतर तिचं फक्त फर्निचर उरतं.

विकणाऱ्याच्या घरी

पिशवीत एवढं न्या: डिजिटल मल्टिमीटर, एक एए सेल आणि वायरचे दोन तुकडे, टॉर्च, टोन जनरेटरचं ॲप असलेला फोन, तो ॲम्प्लिफायरला जोडायची केबल, आणि तुम्हाला पाठ असलेलं संगीत. त्यांचाच ॲम्प वापरणार असाल तर आधी आवाज पूर्ण खाली आणा आणि टोन कंट्रोल, लाउडनेस बंद करा.

आधी डोळ्यांनी. टॉर्च तिरपी धरून सराउंड बघा. रबर असेल तर तो मऊ, काळा, भेगांविना हवा. फोम असेल तर बोटाने अगदी हलकं दाबा: चिकट लागला, खळगा तसाच राहिला किंवा भुकटी बोटाला लागली तर तो संपला. फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचं विघटन होतं, वापरा किंवा नुसता ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दहा-पंधरा वर्षांत तो गळतो. म्हणून 'कपाटात ठेवला होता, वाजवलाच नाही' हा फोमच्या बाबतीत गुण नाही. जेबीएलचे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बरेच वूफर आणि इन्फिनिटीची जुनी मॉडेल्स फोमवाली आहेत. नवा फोम बसवलेला असेल तर बिचकू नका. फक्त दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा आहे ना आणि गोंद कोनावर पसरलेला नाही ना, ते बघा.

आता पेटीची खालची कड. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते, आणि स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, न लावता थेट फरशीवर ठेवलेल्या एमडीएफच्या पेटीत तळातून पाणी चढतं. कड फुगलेली, व्हिनिअर उचकटलेलं दिसेल. वरवरची फूग चालते; पण कोपरा बोटाने दाबल्यावर दबत असेल तर सांधा सुटलेला आहे, हवा गळणार आणि बास ढिला होणार. पोर्टमधून, म्हणजे पेटीच्या हवेच्या भोकातून, टॉर्च मारून आतही डोकवा. झुरळांची अंडी, पालीची लेंडी आणि आतल्या वुलला आलेली बुरशी तिथेच सापडते.

ट्वीटरचा डोम. कापडी डोम चेपलेला असेल तर सहसा बाहेर काढता येतो. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचा चेपला की सुरकुती राहतेच. फोकलच्या यूटोपिया मालिकेसारखा बेरिलियमचा डोम फुटलेला असेल तर हातही लावू नका, त्याची धूळ फुप्फुसांना विषारी असते. ॲक्युटॉनचे पांढरे सिरॅमिक ड्रायव्हर (अवलॉन, कार्मा, मार्टेन यांत दिसतात) चिरले की दुरुस्त होत नाहीत. जाळीमागे केसासारखी रेघ दिसतेय का ते सावकाश तपासा.

मग मीटर. ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायर काढा. टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तर त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या काढून बाजूला नीट ठेवा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा, सहसा ०.२ ते ०.४ ओहम, पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा. बासच्या टर्मिनलवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ४. दोन्ही पेट्यांमधला फरक ०.३ ओहमच्या आत हवा. दोन वूफर समांतर जोडलेले असतील आणि एका पेटीत ३ तर दुसरीत ६ आले, तर दुसरीतला एक वूफर जळालेला आहे. आवाज दोन्हीतून येत असल्याने नुसतं ऐकून हे पटकन कळत नाही. ट्वीटरच्या टर्मिनलवर मीटर काहीच दाखवणार नाही. तिथे मालिकेत कपॅसिटर असतो, तो बिघाड नव्हे. उलट त्या धातूच्या पट्ट्या हरवल्यामुळे 'ट्वीटर गेलाय, म्हणून स्वस्तात देतो' असं सांगणारेही भेटतात. तिथे तांब्याच्या वायरचे दोन तुकडे पुरतात.

एए सेलचं प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, क्षणभरच टेकवा. वूफर सहसा पुढे सरकतो. दोन्ही पेट्यांत एकाच दिशेला सरकत असेल तर ठीक. एक पुढे आणि एक मागे म्हणजे आतली वायर कुणीतरी उलटी जोडली आहे. सेल ट्वीटरच्या टर्मिनलला लावू नका.

कॉइल घासतेय का, हे कळायला दोन्ही हातांची चार बोटं कोनाच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर ठेवून कोन हळूच ३-४ मिलिमीटर आत दाबा आणि कान जवळ न्या. खरखर आली तर कॉइल सरकली आहे किंवा आपटल्यामुळे चुंबक जागचा हलला आहे. धातूच्या किंवा सिरॅमिकच्या कोनावर हे करू नका. तिथे ३० हर्ट्झचा टोन अगदी कमी आवाजात लावून ऐका. पोर्टमधून फुसफुस येणं साहजिक आहे, खरखर नाही. मग २०० हर्ट्झपासून ३० पर्यंत सावकाश खाली या. मध्येच काही करकरलं, तर ड्रायव्हरचे स्क्रू ढिले आहेत का बघा. त्याने न थांबल्यास सुटलेली डस्ट कॅप (कोनाच्या मध्यावरची टोपी) किंवा पेटीतला निसटलेला आधार ही कारणं उरतात.

ऐकताना

परक्या खोलीत स्पीकर 'कसा वाजतो' यापेक्षा दोन पेट्या सारख्या वाजतात का, हे ओळखणं जास्त उपयोगाचं. त्यासाठी मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, ध्वनिमुद्रण घ्या. जुनं नाट्यसंगीत, आकाशवाणीवरचं जुनं गायन, काहीही चालेल. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. गाणाऱ्याचा आवाज बरोबर मध्यभागी, एका जागी उभा राहिला पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर दोन्ही पेट्यांची जागा बदला. सरकणं पेटीबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष पेटीत. आवाज होता त्याच बाजूला राहिला तर तो खोलीचा किंवा ॲम्पचा. ॲम्पवरची डावी-उजवी वायर बदलून तोही वगळता येतो. या तपासणीला दहा मिनिटं लागतात. जड फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर) असला तरी ती टाळू नका.

ट्वीटरसाठी तानपुरा सर्वात प्रामाणिक. बॅलन्सचं बटण फिरवून आधी एकच पेटी ऐका, मग दुसरी. जवारीची झळाळी दोन्हीकडे सारखी हवी. एकीकडे ती मंद असेल तर फेरोफ्लुइड सुकून घट्ट झालेलं असतं किंवा कपॅसिटर थकलेला असतो. पहिल्या प्रकारात ट्वीटर उघडून, गॅप साफ करून नवं फेरोफ्लुइड भरता येतं. दुसऱ्याबद्दल खाली आहे. मधल्या पट्टीसाठी हार्मोनिअम लावा, कारण स्पीकरच्या पेटीचा किंवा कोनाचा नाकातला स्वर तिथे लपत नाही. बाससाठी डग्ग्याची मींड. तळहाताने घासून काढलेला तो स्वर खाली जाताना एकसंध घरंगळला पाहिजे. एखाद्याच जागी फुगत असेल तर बहुधा ती खोली आहे.

लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा मोजमापाचा माइक असेल तर प्रत्येक ड्रायव्हरपासून १ सेंटिमीटरवर माइक धरून दोन्ही पेट्यांचे आलेख एकावर एक टाका. इतक्या जवळून खोलीचा परिणाम जवळजवळ राहत नाही. १ ते १.५ डेसिबलच्या आत जुळले तर जोडी निरोगी आहे. स्वीपचा (खालून वर सरकत जाणाऱ्या टोनचा) आवाज बोलण्याइतकाच ठेवा, ट्वीटर टोनने पटकन जळतो.

इलेक्ट्रोस्टॅटिक आणि पॅनल स्पीकर

क्वाडचे ईएसएल-५७ आणि ईएसएल-६३, मार्टिनलोगन, किंवा पुण्यातल्याच केडन्स ऑडिओचे हायब्रिड (पॅनलला साधा वूफर जोडलेले) हे कोनाऐवजी पातळ पडद्यातून आवाज काढतात: गळ्याचा आवाज या जातीइतका मोकळा इतर स्पीकरमधून क्वचितच येतो, पण दमट हवा यांना मानवत नाही. पॅनलवर हजारो व्होल्टचा भार असतो. धूळ आणि ओलावा मिळून तो गळतो, मग पॅनल हळू वाजतं किंवा चटचट आवाज येतो. असे स्पीकर बघायला जुलै-ऑगस्टमध्येच जा, फेब्रुवारीत सगळेच छान वाजतात. किमान एक तास चालू ठेवून मग ऐका. मॅग्नेपॅनमध्ये उच्च व्होल्टेज नसतं, पण पडद्यावर चिकटवलेल्या तारा गोंद सुकून सुटतात आणि मोठ्या आवाजात कर्रर्र करतात. पॅनल दुरुस्त करणारा माणूस माहीत नसेल तर पहिली खरेदी म्हणून हे स्पीकर घेऊ नका.

भाव, पैसे, वाहतूक

फोम गेलेला असेल तर दोन्ही वूफर दुरुस्त करायचा खर्च किमतीतून वजा करायचा. कपॅसिटर जुने असतील तर तेही. चालत्या, न उघडलेल्या जोडीलाही किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवणं शहाणपणाचं. मुंबई किंवा बंगळुरूच्या विकणाऱ्याला नुसत्या फोटोवर टोकन पाठवू नका. त्याच दिवशीची तारीख लिहिलेला कागद स्पीकरजवळ ठेवून वाजतानाचा व्हिडिओ मागा, आणि शक्यतो स्वतः जा.

नेताना स्पाइक काढा, नाहीतर त्यांचे आटे बिघडतात आणि टेम्पोतलं सगळं फाटतं. ड्रायव्हरवर जाड पुठ्ठा असा लावा की तो कोनाला टेकणार नाही, फक्त भोवतीच्या कडेवर बसेल. छोट्या हत्तीत पेट्या पाठीवर, ड्रायव्हर आकाशाकडे करून ठेवा. तोंडावर कधीही नाही. नॉटिलस ८०१ सारखी एक पेटी शंभर किलोंच्या घरात जाते, तेव्हा सोसायटीची लिफ्ट आणि पेठेतल्या जिन्याचं वळण आधी टेपने मोजून घ्या.

आपली खोली आणि ॲम्प

पुण्यातल्या फ्लॅटचा हॉल धरा ११ बाय १४ फूट, उंची साडेनऊ. या मापांच्या खोलीत अनुक्रमे सुमारे ५१, ४० आणि ५९ हर्ट्झला हवा घुमते. म्हणजे बास गिटारचा तळ तिथेच. ३० हर्ट्झपर्यंत जाणारा मोठा फ्लोअरस्टँडर अशा खोलीत तिन्ही जागा पेटवतो आणि गाणं चिखलात जातं. साधारण दीडशे चौरस फुटांपर्यंतच्या खोलीत ६ ते ८ इंची वूफरचा स्टँडवर बसणारा स्पीकर, हार्बेथ, स्पेंडॉर किंवा केफच्या धाटणीचा, त्याच पैशात जास्त सुख देतो. हे मत अनेकांना पटत नाही, पण खोलीची मापं स्पीकरची किंमत बघून बदलत नाहीत.

मागच्या भिंतीपासून दोन ते तीन फूट पुढे ठेवा. तुमचं डोकं भिंतीला टेकलेलं नको, तिथे बास सर्वात फुगतो. बसल्यावर कान जमिनीपासून ३६-३८ इंचांवर येतात, ट्वीटर त्याच उंचीला आणा. व्हिट्रिफाइड फरशी आणि कोऱ्या भिंती म्हणजे टाळी वाजवल्यावर घणघण. दोन स्पीकरच्या आणि तुमच्या मध्ये जाड गालिचा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि खिडकीला जाड पडदा एवढ्याने मोठा फरक पडतो. स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेता येतो: ३ इंची चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, खाली-वर ६ मिलिमीटरची प्लेट, आत धुऊन पूर्ण वाळवलेली वाळू दोन-तृतीयांश. ओली वाळू भरली तर पाइप आतून गंजतो. फरशीवर स्पाइकखाली चकत्या ठेवा.

ॲम्पचं गणित सोपं आहे. संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटला एका मीटरवर मिळणारा आवाज, ८४ डेसिबल असेल तर नऊ-दहा फुटांवर, दोन्ही स्पीकर मिळून, एका वॉटला साधारण ८१ डेसिबल मिळतात. पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वॉट दुप्पट. पखवाजाच्या थापेला ९९ पर्यंत जायचं तर ६४ वॉट लागतात. ३० वॉटचा ॲम्प तिथे क्लिप होतो, म्हणजे ध्वनिलहरीची टोकं कापतो, आणि ट्वीटर बहुतेक वेळा अशाच क्लिपिंगने जळतात. वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, पाच मीटरपर्यंत बिनधास्त. जाऊन-येऊन तिचा रोध ०.१ ओहमच्याही खाली राहतो. त्याहून महागड्या केबलचे पैसे गालिच्यावर खर्च करा.

घरी करता येणाऱ्या दोन दुरुस्त्या

फोम बदलणं. मॉडेलनुसार किट मागवा. आकार सारखा पण ताठ फोम बसला तर वूफरचा अनुनाद वर सरकतो आणि खोल बास जातो. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून घालवा, कोनाचा कागद भिजू देऊ नका. आधी फोम कोनाला चिकटवून वाळू द्या, मग बाहेरची कड फ्रेमला. दुसऱ्या टप्प्यात कॉइल मध्यावर राहायला हवी: डस्ट कॅप कापून कॉइलभोवती शिम (पातळ पट्ट्या) घाला, किंवा गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा टोन कमी आवाजात चालू ठेवून खरखर जाईपर्यंत कड हळूहळू सरकवा. चोवीस तास हात लावू नका. फेविक्विक वापरू नका, तो कडक होऊन फोम कडेशी फाडतो. एकच वूफर फाटला असला तरी दोन्ही करा.

कपॅसिटर. क्रॉसओव्हरचा आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. ज्यांवर 'बायपोलर' किंवा 'एनपी' लिहिलंय त्यांची एक तार सोडवून एलसीआर मीटरवर (कपॅसिटरचं मूल्य दाखवणाऱ्या मीटरवर) मोजा. लिहिलेल्या मूल्यापासून दहा टक्क्यांहून जास्त दूर असेल तर बदला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाताना मूल्य आणि व्होल्टेज लिहून न्या आणि नॉन-पोलर हवाय हे स्पष्ट सांगा. पॉवर सप्लायचा साधा प्लस-मायनसवाला कपॅसिटर इथे चालत नाही. दुकानातून आणलेलाही बसवण्याआधी मोजा, आणि डाव्या-उजव्या पेटीसाठी जवळच्या मूल्यांची जोडी लावा. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर घातला तर त्याचा आतला रोध कमी असल्याने ट्वीटर थोडा टोचरा होतो, मालिकेत ०.३ ते ०.५ ओहमचा रोध घातला की मूळचा तोल परत येतो. मुळात फिल्म कपॅसिटर असलेला क्रॉसओव्हर मात्र उगाच उघडू नका, ते सहसा बिघडत नाहीत.

पावसाळा

जून ते सप्टेंबर खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. डीह्युमिडिफायर नसेल तर रोज तासभर वाजवणं आणि पेटी भिंतीपासून सहा इंच तरी दूर असणं एवढं करा. प्लास्टिकने झाकू नका, आत दमट हवा अडकून व्हिनिअरला बुरशी येते. सुती चादर पुरते. रबराच्या सराउंडला सिलिकॉन स्प्रे किंवा डब्ल्यूडी-४० लावू नका, मऊ कोरडा ब्रश एवढाच. पाऊस संपल्यावर टर्मिनल आणि प्लगवरचा काळेपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बासच्या टर्मिनलवर पुन्हा एकदा मीटर लावून आकडा खरेदीच्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा.